स्ट्रोक डोक्यात, मग तपासणी छातीची का?

सकाळी उठताना तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, उजवा हात उचलत नाही, जीभ जड. घरचे धावपळ करून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, नेतात. सीटी स्कॅन होतो, मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद झाल्याचं कळतं. इथवर सगळ्यांना समजतं. दुसऱ्या दिवशी मात्र डॉक्टर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढायला सांगतात, ईसीजी परत काढतात, ठोक्यांची नोंद ठेवणारं हॉल्टर नावाचं यंत्र चोवीस तास छातीला लावतात, आणि नातेवाइकांचा गोंधळ उडतो. "ह्यांना छातीत कधी दुखलंसुद्धा नाही," असं कोणीतरी म्हणतंच.

डॉक्टर भलतीकडे शोधत नसतात. मेंदूत अडकलेली गुठळी बऱ्याचदा तिथे तयार झालेलीच नसते. ती हृदयात किंवा मानेतल्या धमनीत जमते आणि रक्ताबरोबर वर जाते. जी रक्तवाहिनी मेंदूतल्या मेंदूत बंद पडते किंवा फुटते, तिला त्या अवस्थेला नेणारा बहुतेक वेळा वाढलेला रक्तदाब असतो. गोव्यात एवढ्यावर भागत नाही. आयसीएमआर ह्या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीचे जे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक निघालं. त्याच पाहणीत देशभरातल्या प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला. साखर आणि प्रेशर एकाच घरात, बहुधा एकाच माणसात असतात, आणि दोन्ही एकाच रक्तवाहिन्यांवर काम करतात.

स्ट्रोकचे दोन प्रकार

स्ट्रोक म्हणजेच पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा. कोणी 'वारं गेलं' म्हणतात, पण वाऱ्याचा इथे काही संबंध नाही. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की त्या भागाचं काम बंद पडतं. हात हलवणारा भाग असेल तर हात जातो, बोलण्याचा असेल तर बोलणं जातं. हार्ट अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी बंद होते. तो वेगळा आजार, कारणं मात्र पुष्कळशी तीच.

मेंदूचं वजन शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सहावा-सातवा हिस्सा तरी तो एकटा घेतो, आणि शिल्लक काहीच ठेवत नाही. मोठी रक्तवाहिनी बंद झाली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा एक प्रसिद्ध हिशेब आहे.

हा पुरवठा दोन तऱ्हांनी तुटतो. नळी बंद होते किंवा नळी फुटते. पाचांतले साधारण चार झटके बंद होण्याचे, उरलेले रक्तस्रावाचे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. अनुभवी डॉक्टरलासुद्धा सीटी स्कॅन केल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. हे लक्षात ठेवा, कारण घरी काय करायचं आणि काय टाळायचं, ते पुढे ह्यावरच ठरतं.

प्रेशर नळीचं काय करतं

एकच वाढलेला रक्तदाब नळी बंदही करतो आणि फोडतोही. हे कसं, ते कुळागरात पाणी लावणाऱ्याला पटकन कळेल. पंपाकडून येणारा मोठा पाइप जाड असतो. त्याच्यापासून फांद्या फुटत फुटत शेवटच्या माडाच्या बुंध्याशी पाणी पोचेपर्यंत जोर कमी झालेला असतो. आता समजा, कोणीतरी मोठ्या पाइपलाच पंपाजवळ भोक पाडून ठिबकची बारीक नळी थेट जोडली. त्या नळीला पंपाचा जवळजवळ सगळा जोर सोसावा लागेल. मेंदूच्या खोल भागाला रक्त देणाऱ्या केसासारख्या धमन्या नेमक्या अशाच, मोठ्या धमनीतून काटकोनात थेट निघतात.

वर्षानुवर्षं जादा जोर सोसून ह्या बारीक धमन्यांची भिंत जाड आणि कडक होते, आतली वाट अरुंद होते आणि एक दिवस ती बंद पडते. हा छोटा स्ट्रोक. छोटा म्हणजे आकाराने. एखादा कळतही नाही. पण असे अनेक साठले की चाल अडखळते, विसरभोळेपणा वाढतो, आणि घरचे म्हणतात वय झालं. काही ठिकाणी हीच भिंत जाड होण्याऐवजी पातळ होऊन फुगते आणि फुटते. प्रेशरमुळे होणारा मेंदूतला रक्तस्राव बहुतेक वेळा ह्याच खोल भागात सापडतो. मानेतल्या आणि मेंदूतल्या मोठ्या धमन्यांत चरबीचे थर साचायलाही वाढलेला दाब हातभार लावतो. त्या थराला तडा गेला की तिथे गुठळी जमते, तिचा तुकडा सुटतो आणि वर जाऊन अडकतो.

किती दाबाने किती धोका, ह्याची मोजदाद झालेली आहे. सुमारे दहा लाख लोकांच्या नोंदी एकत्र करून २००२ मध्ये जे निष्कर्ष आले, त्यांप्रमाणे ४० ते ६९ वयात दाब ११५/७५ च्या पुढे वरच्या आकड्यात दर २० ने किंवा खालच्या आकड्यात दर १० ने वाढला की स्ट्रोकने मरण्याचा धोका दुपटीहून थोडा जास्तच वाढतो. म्हणजे १५५ वाला माणूस १३५ वाल्याच्या दुप्पट धोक्यात, आणि १७५ वाला चौपट. '१४० पर्यंत सगळं ठीक, १४१ ला आजार' अशी रेघ शरीरात नसते. रेघ डॉक्टरांनी औषध सुरू करण्यासाठी आखलेली आहे. उलट बाजूने पाहिलं तर वरचा आकडा १० ने खाली आणला की स्ट्रोकचा धोका साधारण पाव हिश्श्याने उतरतो. एवढा हिशेबी फायदा देणारं दुसरं औषध वैद्यकात फार नाही.

हृदयातून सुटलेली गुठळी

हृदयाला चार कप्पे. वरचे दोन रक्त गोळा करतात, खालचे दोन ते ढकलतात. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी दिसणारी एक छोटी पिशवी लागून असते. कप्पा नीट आकुंचन पावत असेल तोवर त्या पिशवीतलं रक्तही हलतं राहतं. एट्रियल फिब्रिलेशन ह्या विकारात, ह्यापुढे आपण त्याला एएफ म्हणू, वरचे कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात. पिशवीतलं रक्त साकळतं, गुठळी होते. झडपेचा आजार नसलेल्या एएफच्या रुग्णांत हृदयातल्या दहांपैकी नऊ गुठळ्या ह्या एवढ्याशा पिशवीतच सापडतात.

तिथून सुटलेली गुठळी चांगली मोठी असते, म्हणून ती मेंदूची मोठी धमनी अडवते. एएफमुळे होणारे स्ट्रोक सरासरीने जास्त घातक ठरतात ते ह्यामुळे. एएफ असलेल्याला स्ट्रोकचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट. लहानपणी सांधेतापाने हृदयाची डावी झडप आकसलेली असेल आणि त्यात एएफ झालं तर तोच धोका सतरापट, असं अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या दीर्घ पाहणीत दिसलं होतं. आपल्याकडे तिशी-चाळिशीतल्या बाईला अचानक स्ट्रोक आला की डॉक्टर ही झडप आधी बघतात.

आणि इथे दोन वाटा एकत्र येतात. एएफ होण्याचं सर्वांत सर्रास कारण कोणतं? उच्च रक्तदाबच. जादा दाबाविरुद्ध ढकलून ढकलून खालचा डावा कप्पा जाड आणि ताठर होतो. त्यात रक्त भरायला वरच्या कप्प्याला जोर लावावा लागतो, तो ताणून मोठा होतो, आणि मोठ्या झालेल्या कप्प्यात विजेचा ताल बिघडतो. म्हणून इकोच्या रिपोर्टवर 'एलए', म्हणजे डाव्या वरच्या कप्प्यापुढचा आकडा वाढलेला दिसला की हृदयाचे डॉक्टर प्रेशरची चौकशी करतात.

एएफखेरीज आणखी काही ठिकाणी गुठळी जमते. मोठ्या हार्ट अटॅकनंतर हृदयाच्या टोकाकडचा भाग हलेनासा होतो आणि तिथे रक्त साकळतं; इकोत गुठळी दिसली तर साधारण तीन महिने रक्त पातळ करणारं औषध देऊन पुन्हा इको करतात. हृदय कमजोर होऊन फुगलेलं असेल, धातूची कृत्रिम झडप बसवलेली असेल, झडपेवर जंतुसंसर्ग असेल, तरी धोका असतो. तरुणांत कधी कधी वरच्या दोन कप्प्यांमधलं जन्मापासूनचं बारीक छिद्र कारण ठरतं. पण असं छिद्र चारांतल्या एका निरोगी माणसात असतंच, म्हणून ते सापडलं की लगेच बुजवायला धावू नये.

आकडा आणि ताल, दोन्ही बघा

प्रेशर घरी मोजणारे आता पुष्कळ आहेत. मोजण्याची पद्धत मात्र बहुतेकांची चुकते, आणि चूक १०-१५ आकड्यांची असते. तेवढ्यात औषध वाढतं किंवा थांबतं.

दंडाला बांधायचं यंत्र घ्या. मनगटावरचं सहसा नको. पट्ट्याच्या आतल्या फुगणाऱ्या पिशवीने दंडाचा ८० टक्के घेर तरी वेढला पाहिजे. यंत्राबरोबर येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो. दंड जाड आणि पट्टा तोकडा असेल तर आकडा खोटा वर दाखवतो, आणि जाड माणसं नाहक घाबरतात. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, विडी-सिगारेट नको. लघवी करून या. भरलेल्या मूत्राशयाने दाब चढतो. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून, मांडी न घालता पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीवर, उघड्या दंडावर. बाही वर सरकवून तिची गुंडाळी दंडाला आवळत असेल तर हात सदऱ्यातून काढून घ्या. मोजताना बोलायचं नाही, मोबाइलवर तर नाहीच.

एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. डॉक्टरांना दाखवायचं असेल तर सात दिवस सकाळ-संध्याकाळ असं करा, सकाळचं माप गोळी घेण्याआधी, आणि पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५ ही निदानाची रेघ. दोघांत फरक आहे, कारण डॉक्टरांसमोर बऱ्याच जणांचा दाब चढतो. उलटंही होतं: दवाखान्यात नीट, घरी जास्त. हे लोक सुटून जातात आणि त्यांचा धोका खरा असतो. पहिल्यांदा दोन्ही हातांचं प्रेशर मोजा आणि पुढे ज्या हाताचा आकडा जास्त येतो तोच धरा. म्हाताऱ्या माणसाचं बसून मोजल्यावर, उभं राहिल्यानंतर एका आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरत असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं, नाहीतर औषधाने चक्कर येऊन माणूस न्हाणीत पडतो.

आता तालाकडे. पट्टा सोडला की दुसऱ्या हाताची तीन बोटं अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या कडेला ठेवा आणि घड्याळात बघून अर्धा मिनिट ठोके मोजा. वेग किती, ह्यापेक्षा अंतर सारखं आहे का ते बघायचं आहे. मधूनच एखादा ठोका चुकून पुन्हा ताल पकडणं बहुतेकदा साधं असतं. दोन ठोके जवळ, मग एक लांब, मग तीन घाईघाईने, एक जोरात, एक हलका, आणि कुठलाच क्रम हाती लागत नाही, असं असेल तर त्याच आठवड्यात ईसीजी काढा. काही यंत्रांवर अनियमित ठोक्यांची खूण उमटते. ती वारंवार दिसली तर 'मशीन बिघडलं' म्हणून सोडून देऊ नका. एएफमध्ये प्रत्येक ठोक्याला दाब बदलतो, म्हणून अशा माणसाचं प्रेशर तीनदा मोजून सरासरी घ्यावी.

"ईसीजी नॉर्मल आला, मग एएफ नाहीच ना?" तसं नसतं. ईसीजीच्या कागदावर जेमतेम दहा सेकंदांचे ठोके उमटतात. एएफ सुरुवातीला येतं आणि जातं. आज दोन तास, मग पंधरा दिवस काही नाही. हॉल्टर लावतात ते ह्यासाठीच, आणि कधी चोवीस तासही पुरत नाहीत.

"मला काही त्रासच नाही"

प्रेशरविषयी सर्वांत जास्त ऐकू येणारी हरकत हीच. डोकं दुखलं, मान आखडली की प्रेशर वाढलं, आणि बरं वाटतंय म्हणजे उतरलं, असा पक्का समज आहे. खरं तर १७० घेऊन माणूस वर्षानुवर्षं शेतात काम करतो, बस चालवतो, भजनाला बसतो, आणि त्याला काहीही जाणवत नाही. लक्षण शोधत बसलात तर पहिलं लक्षण स्ट्रोकच असू शकतं.

दुसरी हरकत: गोळी सुरू केली की जन्मभर. बहुतेकांच्या बाबतीत हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. गोळीने दाब आटोक्यात राहतो, मूळ प्रवृत्ती जात नाही. महिनाभर १२८ आले म्हणून गोळी सोडणारा माणूस गोळीचं काम स्वतःच्या नावावर जमा करत असतो. वजन चांगलं उतरलं, मीठ आणि दारू कमी झाली, तर डॉक्टर डोस कमी करतात, क्वचित थांबवतातही. पण तो निर्णय आकडे बघून घ्यायचा. गोळीने त्रास होत असेल तर तेही सांगा. अॅम्लोडिपिनने घोटे सुजतात, एनालाप्रिल-रॅमिप्रिलच्या जातीच्या गोळ्यांनी सुका खोकला येतो. दोन्हीला पर्याय आहेत, आणि ते न सांगता गोळी बंद करणारे खूप.

तिसरी: वय झालं की प्रेशर वाढायचंच, म्हाताऱ्याला औषध कशाला? ऐंशीच्या पुढच्या लोकांवर हायव्हेट नावाची मोठी चाचणी झाली आणि २००८ मध्ये तिचे निकाल आले. औषध दिलेल्या गटात स्ट्रोकने होणारे मृत्यू ३९ टक्क्यांनी कमी होते. ऐंशीतही उशीर झालेला नसतो. डोस हळू वाढवायचा आणि उभं राहून मोजायचं, एवढी काळजी मात्र घ्यावी.

एक कारण लोक विसरतात. गुडघ्यांसाठी फार्मसीतून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनच्या गोळ्या प्रेशर चढवतात आणि त्याच्या औषधाचा जोरही कमी करतात. प्रेशर औषधाला दाद देत नाही म्हणून आलेल्या माणसाला आधी हेच विचारावं.

रक्त पातळ करणारी गोळी

एएफ निघालं की प्रत्येकाला ही गोळी देतात असं नाही. डॉक्टर गुण मोजतात. हृदय कमजोर असेल तर १, उच्च रक्तदाब १, मधुमेह १, हृदयाच्या किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार १, वय ६५ ते ७४ असेल तर १ आणि ७५ च्या पुढे २, पूर्वी स्ट्रोक येऊन गेला असेल तर २. जुन्या पद्धतीत बाईला आणखी एक गुण असे. युरोपच्या २०२४ च्या शिफारशींत तो काढला आहे. बेरीज दोन किंवा जास्त आली तर गोळी द्यावी, एक आली तर विचार करावा. सत्तर वर्षांचा, प्रेशर आणि साखर असलेला, बाकी ठणठणीत गृहस्थ म्हणजे तीन गुण झाले. आकसलेली झडप किंवा धातूची झडप असेल तर गुण मोजायची गरजच नाही, गोळी लागतेच.

ह्या गोळ्यांची दोन घराणी. जुनं घराणं वॉरफेरिन आणि एसिनोकुमरॉलचं. ह्यांना आयएनआर ही रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी लागते. साध्या माणसाचा आकडा १ च्या आसपास. एएफमध्ये तो २ ते ३ मध्ये ठेवायचा. २ च्या खाली गोळी घेऊन उपयोग नाही, ४ च्या वर रक्तस्रावाची भीती. आकडा स्थिर झाला की साधारण महिन्यातून एकदा तपासणी.

इथे आपल्या जेवणाचा संबंध येतो. हिरव्या पानांत के जीवनसत्त्व असतं आणि ते ह्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. म्हणून पालेभाजी सोडा असं सांगितलं जातं, आणि ते चूक आहे. तांबडी भाजी आठवड्यातून तीनदा खात असाल तर तीनदाच खात राहा; गोळीचा डोस त्यावर बसवलेला असतो. घोटाळा होतो पावसाळ्याच्या सुरुवातीला. तायकिळा, अळू, तेरें एकदम रोज ताटात येतात आणि आयएनआर घसरतो. श्रावणात मासळी सुटून पालेभाजी वाढते, तेव्हाही तेच. जेवण बदललं की तपासणी लवकर करून घ्या. जिवाणूंवरची आणि बुरशीवरची काही औषधं उलट आकडा वर नेतात: मेट्रोनिडॅझोल, कोट्रायमोक्साझोल, फ्लुकोनॅझोल. दाताच्या डॉक्टरलासुद्धा आधी सांगायचं की ही गोळी चालू आहे. मूल हवं असलेल्या बाईने तर गरोदर राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं, कारण ह्या गोळ्या गर्भाला घातक ठरू शकतात.

नवं घराणं डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्साबॅन, अॅपिक्साबॅनचं. आयएनआर नको, भाजीचं पथ्य नको. पण धातूची झडप किंवा बऱ्यापैकी आकसलेली झडप असेल तर ही चालत नाहीत, जुनीच लागतात. ह्यांचा परिणाम एका दिवसात उतरतो, म्हणून गोळी चुकली की संरक्षणही जातं. रिव्हारॉक्साबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल दमटपणाने बिघडते. आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत काढून ठेवली तर गोव्याच्या जुलैत ती टिकणार नाही. मूळ पाकिटातून ऐन वेळी काढायची, न फोडता, न चावता गिळायची. मूत्रपिंडाची तपासणी वर्षातून एकदा तरी हवी.

"रक्त पातळ करून मेंदूत रक्तस्राव झाला तर?" भीती रास्त आहे. वॉरफेरिनने एएफमधले सुमारे दोन तृतीयांश स्ट्रोक टळतात. रक्तस्रावाचा धोका त्यामानाने बराच लहान, आणि नव्या गोळ्यांनी डोक्यातला रक्तस्राव वॉरफेरिनच्या साधारण निम्मा होतो. हा धोका सर्वांत जास्त कोणाला? ज्याचं प्रेशर आवाक्यात नाही त्याला. गोळी सुरू असताना प्रेशर १३०/८० च्या खाली ठेवण्याचा आग्रह असतो तो ह्यामुळेच.

"मग एस्पिरिन पुरे ना, ती सौम्य आहे." एएफसाठी नाही पुरत. २०११ मध्ये एस्पिरिन आणि अॅपिक्साबॅन ह्यांची समोरासमोर चाचणी झाली. अॅपिक्साबॅनवाल्यांत स्ट्रोक निम्म्याहून कमी, आणि मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण दोघांत जवळपास सारखं. मानेतल्या धमनीतल्या थरासाठी किंवा हार्ट अटॅकनंतर एस्पिरिन द्यायची ती गोष्ट वेगळी.

ताटातलं मीठ

दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, सगळं धरून. हे 'सगळं धरून' मध्येच आपली गणितं चुकतात. भाजीत मीठ कमी घातलं, पण सकाळी पेजेबरोबर खारा बांगडा, दुपारी सुक्या सुंगटांची किसमूर, तोंडाला मिस्कुट म्हणजे कैरीचं लोणचं, आणि दोन्ही वेळा पाव. पावात मीठ असतं हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. सुकी मासळी सोडा म्हणणं पावसाळ्यात कोणी ऐकणार नाही. अर्धा तास पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्या आणि त्या दिवशी लोणचं-पापड वगळा, इतकं जमतं.

आगरवाड्याच्या मिठागरातलं गावठी मीठ किंवा सैंधव चालतं, असं ठामपणे सांगणारे भेटतात. सोडियम सगळ्यांत आहे, आणि दाब सोडियमने वाढतो. पोटॅशियम मिसळलेल्या मिठाचा उपयोग मात्र सिद्ध आहे. चीनमधल्या ग्रामीण भागातल्या मोठ्या चाचणीत, २०२१ मध्ये, त्याने स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी झाले. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, किंवा रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये. रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयच थांबू शकतं.

फेणी असो वा बिअर, दारूने प्रेशरही चढतं आणि एएफही सुरू होतं. चवथीच्या किंवा लग्नाच्या दोन-तीन रात्री भरपूर झाल्यावर पहिल्यांदा एएफ सापडलेले लोक असतात.

झटका आलाच तर

हसायला सांगा, एक बाजू उतरते का बघा. दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली येतो का. एक साधं वाक्य म्हणायला सांगा. अचानक तोल जाणं, एका डोळ्याने किंवा एका बाजूचं दिसेनासं होणं हेही त्यातच. एक जरी खूण असली तरी १०८ ला फोन करा आणि 'स्ट्रोक वाटतो' हेच शब्द वापरा. दहा मिनिटांत सगळं नीट झालं तरी जायचंच. तो इशाऱ्याचा झटका असतो आणि त्यापाठोपाठ येणाऱ्या मोठ्या झटक्यांपैकी साधारण निम्मे पहिल्या दोन दिवसांतच येतात.

एस्पिरिन देऊ नका. नळी बंद आहे की फुटली आहे, तुम्हाला माहीत नाही. प्रेशर २०० दिसलं तरी प्रेशरची जादा गोळी देऊ नका, जिभेखाली तर काहीच नको. नळी बंद असेल तेव्हा अर्धमेल्या भागाला तेवढ्याच दाबावर थोडं रक्त मिळत असतं, आणि तो दाब एकदम पाडला तर उरलासुरला भागही जातो. पाणी, चहा, पेज काही नको. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. मधुमेही असेल तर साखर मोजा, कारण साखर फार उतरली तरी हुबेहूब असंच दिसतं. तेल लावून चोळायला बोलावलेल्या माणसाची वाट बघण्यात जाणारे दोन तास परत मिळत नाहीत.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटीत रक्तस्राव नसेल आणि प्रेशर १८५/११० च्या खाली असेल तर. काणकोणहून बांबोळी साठ-सत्तर किलोमीटर. घराजवळच्या क्लिनिकात सलाइन लावून बघण्यात तास गेला की हिशेब जमत नाही. जिथे चोवीस तास सीटी आहे तिथेच जायचं.

तिथे पोचल्यावर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील: शेवटचा नीट कधी होता? लक्षण दिसल्याची वेळ वेगळी आणि ही वेगळी. रात्री दहाला बोलून झोपला आणि सहाला तोंड वाकडं दिसलं, तर घड्याळ रात्री दहापासून धरतात. पण तेवढ्यावरून वेळ निघून गेली असं ठरवून घरी बसू नका. मोठी धमनी बंद असेल तर मांडीतून नळी घालून गुठळी ओढून काढता येते, आणि निवडक रुग्णांत ते चोवीस तासांपर्यंत करतात. दुसरा प्रश्न गोळ्यांचा. 'पांढरी, छोटी, रात्रीची' सांगून चालत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कोणती आणि शेवटची किती वाजता घेतली, ह्यावर इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरतं. घरातून निघताना पाकिटं उचला, आयएनआरची वही असेल तर तीही.